बाल्रॅनल्डची खंडेनवमी

सिडनीहून ॲडलेडला विमानाने दोन तासांत जाता येतं. आम्हाला तीन दिवस लागले. गाडी मी चालवत होतो, शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांचे हेल्मुट होते, आणि मागच्या सीटवर बेल्ट लावून त्यांचं व्हायोलिन बसवलं होतं. परत येऊन दोन आठवडे झाले. माझी बायको वैशाली म्हणाली, "विसरायच्या आत लिहून काढा, नाहीतर फोनवर सगळ्यांना तेच तेच सांगत बसाल." इचलकरंजीला फोन केला की लोक विचारतात, ऑस्ट्रेलिया कसं काय आहे रे? मी म्हणतो, स्वच्छ आहे. सात वर्षं झाली, याच्या पुढे माझं उत्तर काही जात नव्हतं. आता थोडं जाईल.

आधी हेल्मुट कोण ते सांगतो. माझी बायको नर्स. तिच्या व्हिसावर मी इथे आलो, आणि आम्ही सिडनीच्या टूनगॅबी भागात राहतो. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यामुळे इथे आलो तेव्हा आपल्याला कोण काम देणार ही धास्तीच होती. पण गाडी चालवता येत होती, आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलायचा कंटाळा नव्हता. तेवढ्यावर एका संस्थेने मला घेतलं. वृद्धांना दवाखान्यात, दुकानात, मित्रांकडे नेऊन आणायचं. हेल्मुट हे माझे गुरुवारचे. हाताच्या व्यायामाला जायचे. दोन वर्षं नेतोय.

ते मूळचे जर्मनीचे. सिडनीत एका मोठ्या वाद्यवृंदात त्यांनी एकतीस वर्षं व्हायोलिन वाजवलं. तिथे दोन वादकांत स्वरलिपीची पानं ठेवायचा एक स्टँड असतो. बाहेरच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूच्याने वाजवणं थांबवून पान उलटायचं. सूर दोघांत वाटले की वरची चाल बाहेरच्याला, खालचा आधार आतल्याला. हेल्मुट आतले. बाहेरच्या खुर्चीवर जोन नावाच्या बाई. एकतीस वर्षं तीच खुर्ची, तीच शेजारीण. "बायकोपेक्षा मी जोनच्या शेजारी जास्त तास बसलोय," ते म्हणायचे, "आणि बायकोला ते माहीत होतं."

बायको चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून त्यांनी व्हायोलिनची पेटी उघडली नव्हती. उजवा हात थरथरायला लागला होता. मग इथल्या हिवाळ्यात, जूनमध्ये, जोनबाईंचं पत्र आलं. त्या आता ॲडलेडला मुलीकडे असतात. चार महिन्यांनी वृद्धाश्रमात जाणार होत्या. पत्रात एवढंच होतं: तिथल्या खोलीत माझं कपाटसुद्धा मावत नाही, तू काय मावणार? मी जायच्या आत ये आणि माझ्याबरोबर एकदा वाजव.

तीन महिने हेल्मुट रोज सराव करत होते. डॉक्टरांनी विमान नको म्हटलं. म्हणून संस्थेकडे विचारून त्यांनी मला मागून घेतलं. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. चौदाशे किलोमीटर, दुसऱ्याचा जीव आणि दुसऱ्याचं व्हायोलिन.

वॅगा वॅगा

पहिल्या दिवशी वॅगाच्या अलीकडे कॅनोलाची शेतं लागली. आपल्या मोहरीचीच जात, पण शेत म्हणजे डोळा पोचेल तिथपर्यंत. बांध नाही, मधे झोपडी नाही, माणूस नाही. नुसतं पिवळं. मला वाटलं, एवढं पिकवतं कोण? माणूस तर एक दिसत नाही. हेल्मुट म्हणाले, "एक माणूस आणि एक मशीन. आणि त्या माणसाला बोलायला कुत्रं."

दुपारी रस्त्याकडेच्या बाकावर डबा उघडला. वैशालीने धपाटे दिले होते, शेंगदाण्याची चटणी आणि दही. हेल्मुटनी धपाट्याला बटर लावलं आणि सुरी-काट्याने खाल्लं.

"अंकल, हाताने खा ना."

"मी कोणाचा अंकल नाही. माझ्या सख्ख्या पुतण्यालासुद्धा मी हेल्मुट म्हणायला लावलंय."

"आमच्याकडे मोठ्या माणसाला नावाने हाक मारली तर आई थोबाडीत देते."

"तुझी आई इथून किती लांब आहे?"

"दहा हजार किलोमीटर असेल."

"मग घाबरतोस कशाला?" असं म्हणून त्यांनी चटणी बोटाने चाखली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले. पुढचे तीन दिवस त्या चटणीला ते 'ती धोकादायक वाळू' म्हणत होते, आणि प्रत्येक जेवणाला मागत होते.

मेलो तरी मला त्यांना हेल्मुट म्हणता आलं नसतं. मी हाकच मारायचं टाळत होतो. इथे लिहिताना नाव लिहितोय, त्यांना मराठी वाचता येत नाही म्हणून.

सपाट मैदान

दुसऱ्या दिवशी जे मैदान लागलं तसं मी आयुष्यात पाहिलेलं नाही. रस्ता पट्टीने ओढल्यासारखा. तासभर गाडी चालवली तरी स्टिअरिंग हलवावं लागलं नाही. झाड नाही, टेकडी नाही, फोनला रेंज नाही. दोन एमू पक्षी कुंपणाला धरून पळत होते, गाडीशी शर्यत लावल्यासारखे. मी पेट्रोलच्या काट्याकडे बघत होतो. टाकी पाऊणपेक्षा जास्त भरलेली, तरी बघत होतो.

तिथे हेल्मुट बोलायला लागले. हार्ट्झ नावाच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचं गाव. वडील बेकर. व्हायोलिन गावच्या चर्चमधल्या मास्तरांनी शिकवलं, त्याच्या बदल्यात वडील त्यांना रोज पाव पोचवायचे. चोविसाव्या वर्षी बोटीने इथे आले. आल्या आल्या वाद्यवृंद कुठला मिळायला! नदीकाठच्या एका कारखान्यात डब्यात भरायची पीचची फळं सोलायचं काम मिळालं. पहिल्याच आठवड्यात डाव्या हाताच्या बोटाला सुरी लागली. रात्रपाळीच्या बायका हसल्या, कारण हा बोटाकडे बघून रडत होता, आणि जखम तर नखाएवढी.

"त्यांना काय माहीत," हेल्मुट म्हणाले, "की माझ्याकडे दाखवायला फक्त तेच बोट होतं."

दीड वर्षाने सिडनीत वाद्यवृंदाची परीक्षा झाली. पडद्यामागून वाजवायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला चेहरा दिसू नये. त्यांची भाषा मोडकी होती, कोट उसना होता. पडद्याने दोन्ही झाकलं. त्यांना घेतलं.

"मी दोन वर्षांसाठी आलो होतो," ते म्हणाले.

"आम्ही पण," मी म्हटलं.

 मग त्यांनी आईचं सांगितलं. आई गेल्याची तार आली तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. त्या संध्याकाळी कार्यक्रम होता. ते गेले, बसले, वाजवलं. जोनला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी पान उलटायची वेळ आली तेव्हा जोनने वाजवणं थांबवलं आणि आपण होऊन पान उलटलं. एकदाच नाही, कार्यक्रम संपेपर्यंत. "तिने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही. आता सांगायचं म्हणतोय, पण आधी वाजवायला हवं. आमच्यात वाजवल्याशिवाय काही बोलता येत नाही."

माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होतो. तेही मी त्यांना त्या मैदानात सांगितलं. दोन वर्षांत कोणाला नीट सांगितलं नव्हतं.

बाल्रॅनल्ड

मुक्काम बाल्रॅनल्डला. नदीकाठचं छोटं गाव, एक मोटेल. हेल्मुटच्या खोलीत एसीचा झोत सरळ टेबलावर येत होता. "कोरड्या हवेने लाकडाला चीर जाते," असं म्हणून त्यांनी पेटी माझ्याकडे दिली. "आज तुझ्याकडे झोपू दे तिला."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आता इचलकरंजीच्या माणसाला खंडेनवमी काय असते ते सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्या गावात त्या दिवशी माग बंद. एरवी कानठळ्या बसतात, त्या दिवशी गल्लीत माणसाचा आवाज ऐकू येतो. माग पुसायचा, मागावर साचलेली, सुताला लावलेल्या खळीची पांढरी पूड काढायची, तेलाचं फडकं फिरवायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार. ज्याच्यावर पोट चालतं त्याला एक दिवस हात जोडायचे. मी शाळा सोडून वहिफणीच्या कामाला लागलो होतो. म्हणजे विणायला घ्यायच्या आधी उभ्या ताण्याचा एकेक धागा हाताने ओवून घ्यायचा, हजारो धागे. तेव्हापासून एकही खंडेनवमी चुकवलेली नाही. घराजवळच्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून हळदकुंकू, केळी, लिंबं आणि चार झेंडू घेऊनच निघालो होतो.

पहाटे आंघोळ केली. गाडीची पूजा केली. खोलीत आलो आणि पेटी दिसली.

मला वाटलं, एकतीस वर्षं या माणसाचं पोट ज्याच्यावर चाललं, त्याची कधी कोणी पूजा केली असेल का? चार वर्षं तर ते बंदच पडलं होतं. आज ते माझ्या खोलीत आहे, आजच नवमी आहे. मी पेटी उघडली. तारांखाली पांढरी पूड साचलेली. गजाच्या, म्हणजे वाजवायच्या काठीच्या, केसांवर तर जास्तच, पांढरी फटक. म्हटलं, खळ. हाताच्या कामाची धूळ सगळीकडे सारखीच. डोक्याला लावायचं खोबरेल होतं, त्याचा एक थेंब स्वच्छ रुमालावर घेतला आणि लाकूड पुसलं. मग गजाचे केस, वरपासून खालपर्यंत, छान पुसून चमकवले. गजाला हळदकुंकवाचं बोट लावलं, झेंडू ठेवला, हात जोडले. इतकं समाधान वाटलं की वैशालीला फोटो पाठवला.

तिचा फोन आला. "अहो, विचारलंत का त्यांना?"

"झोपलेत ते."

मागून मुलगी ओरडली, "बाबा, यू कान्ट जस्ट टच अ व्हायोलिन!"

"पूजा केली गं, टच कुठे केलं?" मी म्हटलं. पण फोन ठेवल्यावर झेंडू काढून घेतला आणि पेटी बंद केली.

मिल्ड्युरा

दुपारी मिल्ड्युराला मरे नदीच्या काठी थांबलो. रुंद, मातकट, संथ नदी. आपल्या पंचगंगेसारखीच, पण काठाला गवत कापून ठेवलेलं आणि फुकट वापरायला विजेची शेगडी. माणसं येतात, मांस भाजून खातात, शेगडी पुसून जातात. कुलूप नाही, राखणदार नाही. इथलं हे मला अजून खरं वाटत नाही.

हेल्मुट म्हणाले, "थोडा सराव करतो." बाकावर पेटी उघडली. झेंडूचं फूल मी सकाळीच काढून घेतलं होतं. त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावलं, गज तारेवर ठेवला, ओढला.

आवाज आला नाही.

म्हणजे नुसती फुंकर मारल्यासारखं काहीतरी आलं. त्यांनी परत ओढला. दाबून ओढला. गज बर्फावरून घसरावा तसा तारांवरून घसरला. त्यांनी व्हायोलिन खाली घेतलं आणि आपल्या उजव्या हाताकडे बघितलं. उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"गेला," ते म्हणाले. "काल होता. आज गेला."

मग त्यांनी पेटी बंद करायला घेतली, अगदी सावकाश. "जोनला फोन करतो. तिला सांगतो, मी नुसता चहाला येतोय."

मला कळलं होतं. पहिल्या फुंकरीलाच कळलं होतं.  काम जाईल, संस्थेला कळेल, वैशालीला मान खाली घालावी लागेल, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. आणि समोर तो माणूस स्वतःच्या हाताकडे असा बघत होता, जसा कोणी दगा दिलेल्या भावाकडे बघेल. मी गप्प बसलो असतो तर त्यांना कधीच कळलं नसतं. त्यांनी हातालाच दोष दिला असता, आणि परत कधी वाजवलं नसतं.

"अंकल, हात नाही. मी आहे. मी तेल लावलं."

"काय लावलं?"

"तेल. गजाला. आज आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. पांढरी पूड दिसली, मला वाटलं धूळ आहे. पुसून काढली. सॉरी. खूप सॉरी. मी भरून देईन, काय असेल ते."

त्यांनी पेटी पुन्हा उघडली. "कसलं तेल?"

"खोबरेल."

"केसांना लावतात ते?"

"हो. केसच आहेत ना ते..."

त्यांनी गज नाकाशी नेला, वास घेतला. आणि ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग बाकावर बसून गुडघ्यावर हात मारून हसले. शेजारच्या शेगडीवरचा माणूस म्हणाला, "यू ऑल राइट, मेट?"

"माझा हात शाबूत आहे!" हेल्मुट त्याला ओरडून म्हणाले. "नुसतं नारळाचं तेल आहे!"

"नो वरीज," तो म्हणाला आणि सॉसेज उलटत राहिला.

हसू ओसरल्यावर ते मला जरा रागावले, आणि ते योग्यच होतं. "ती पूड म्हणजे धूळ नाही. ती घासून घासून लावायची असते. तिच्यामुळेच केस तारेला पकडतात." खिशातून त्यांनी मधाच्या रंगाचा खडा काढून दाखवला. आपली राळच की! "पुढच्या वेळी आधी विचार. मी हो म्हणेन. पण विचार."

मी हार्डवेअरच्या दुकानातून स्पिरिट आणलं, शेजारून कापूस आणि बारीक कंगवा. लाकडाला स्पिरिट लागलं तर पॉलिश उतरतं, म्हणून काठीला प्लास्टिक गुंडाळलं. हेल्मुटनी स्क्रू फिरवून केस सैल केले. घोड्याच्या शेपटीचे दीडशेएक केस. पण हे काम थरथरत्या हाताचं नव्हतं. ते म्हणाले, "तू कर. मी सांगतो."

मग मी बसलो. दहा दहा केसांची बट वेगळी करायची, स्पिरिटच्या कापसाने पुसायची, दुसऱ्या बटेत गुंतू द्यायची नाही, ताण सारखा ठेवायचा. माझ्या बोटांना हे सांगावं लागलं नाही. पंचवीस वर्षांपूर्वीचं काम बोटांनी आपण होऊन काढलं. हेल्मुट सूचना देता देता थांबले. "हे तू कुठे शिकलास?"

"मागावर. शाळेच्या वेळेत."

एका पुसण्याने भागलं नाही, दोनदा केलं. तीन केस तुटले. तेल निघालं, पण स्पिरिटने हळद मात्र पसरली, आणि गजाचा खालचा अर्धा भाग पिवळसर झाला तो झालाच. उन्हात वाळवला. मग हेल्मुट राळ घासत बसले, अर्धा तास तरी. गज परत तारेवर ठेवला तेव्हा पहिला आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा जरा बरा आला. पाचव्या-सहाव्याला शेगडीवरचा माणूस चिमटा हातात धरून ऐकत उभा राहिला.

सीमेवर

साऊथ ऑस्ट्रेलियात शिरताना चौकी लागते. फळमाशी पसरू नये म्हणून फळं आत नेऊ देत नाहीत. पाटी दिसली आणि मला पूजेची केळी आठवली. प्रसाद कचऱ्यात टाकायचा? माझी चलबिचल बघून हेल्मुटनी गाडी कडेला घ्यायला लावली. "दे इकडे." सहा केळी होती. चार मी खाल्ली, दोन त्यांनी. लिंबं नुसती कशी खाणार? चौकीवरच्या कचरापेटीत टाकताना मी नमस्कार केला. तिथली बाई म्हणाली, "तुम्ही पहिले, ज्यांनी लिंबाला निरोप दिला." हेल्मुट म्हणाले, "हा सगळ्याच गोष्टींना नमस्कार करतो. तुम्ही जपून राहा."

ॲडलेड

दसऱ्याच्या दिवशी सकाळी जोनबाईंच्या मुलीच्या घरी गेलो. जोनबाई उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, पांढरे केस, दोन्ही कानांत ऐकायचं यंत्र. हेल्मुटना बघून त्यांनी मिठी नाही मारली. "उशीर केलास," म्हणाल्या. अर्ध्या खोलीत खोकी भरून ठेवलेली होती. मधे दोन खुर्च्या आणि एक स्टँड.

मला त्यांनी तिथे बसू दिलं, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी आहे.

हेल्मुटनी गज काढला. जोनबाईंनी चष्मा वर केला. "हा पिवळा का?"

"त्याची पूजा झालीय. लांबची गोष्ट आहे, नंतर सांगतो."

दोघांनी सुरुवात केली. पहिल्याच ओळीत जोनबाई थांबल्या. परत सुरू केलं, परत थांबल्या. त्यांची डावी बोटं वळत नव्हती. त्यांनी व्हायोलिन मांडीवर ठेवलं. मला वाटलं, संपलं. एवढं येऊन संपलं.

"तू वाजव," त्या म्हणाल्या.

"जोन, माझ्याकडे चाल नाहीये. माझा भाग नुसता खालचा आहे. एकटा ऐकण्यासारखा नाही."

"मला शिकवू नकोस तुझ्याकडे काय आहे ते. एकतीस वर्षं माझ्या डाव्या कानात तेच होतं. वाजव."

त्यांनी वाजवलं. मला संगीतातलं काही कळत नाही. पण ते गाणं नव्हतं, गाण्याच्या खाली जे असतं ते होतं. एकच सूर बराच वेळ, मग थोडं थांबणं, मग दोन पावलं वर, परत थांबणं. थांबण्याच्या जागी काहीतरी असायला हवं होतं, आणि जोनबाईंचे ओठ नेमके तिथेच हलत होते. हेल्मुटचा हात थरथरला, गज दोनदा उडाला. ते थांबले नाहीत.

जोनबाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं. माझा हात धरला आणि त्यांच्या मांडीवरच्या व्हायोलिनच्या पाठीवर ठेवला. कोणी वाजवत नव्हतं ते. तरी लाकूड थरथरत होतं. हेल्मुट जो सूर धरतील त्याला त्यांच्या मांडीवरची तार आपण होऊन हलत होती.

हेल्मुट थांबले. माझ्या तळहातातली थरथर आणखी क्षणभर राहिली, मग विझली.

"माझी आई गेली, त्या दिवशी..." हेल्मुट म्हणायला लागले.

"मला माहीत होतं," जोनबाई म्हणाल्या. "तुझा चेहरा सांगत होता ना. आणि आत्ता सातव्या ओळीत लय सोडून धावलास."

"मी नेहमीच धावायचो."

"हो. पुन्हा घे."

हेल्मुटनी गज उचलला.